‘रिकामी’ कोण म्हणालं?

रविवार. संध्याकाळचे सव्वापाच. अ‍ॅरिझोनातल्या ड्राय फोर्क गावाबाहेरचं एक बैठं घर. बैठकीच्या खोलीत टीव्हीवर हवामानाच्या बातम्या चालल्या होत्या. भिंतीपलीकडच्या खोलीत शिवणयंत्राचा दिवा लागलेला होता. एक गोळी टीव्हीतून गेली, भिंतीतून गेली आणि व्हर्लीन टिडवेल या बाईंच्या उजव्या तळहातातून गेली.

ती गोळी माझ्या पोटातली. मी एक सहाबारी रिव्हॉल्व्हर बोलतेय.

दोन दिवसांनी गावच्या वर्तमानपत्रात बातमी आली : ‘बंदूक साफ करताना गोळी सुटली, महिला जखमी.’ एवढ्याशा वाक्यात दोन थापा आहेत. पहिली, साफसफाई चाललीच नव्हती. दुसरी, गोळी सुटली नाही. शाळा सुटते, गाडी सुटते, बुटाची नाडी सुटते. गोळी झाडावी लागते. त्यासाठी आधी माझ्या पाठीवरचा घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि मग बोटाने चाप दाबावा लागतो. मला अंगठा नाही. बोट नाही. खोटं बोलणाऱ्यांना दोन्ही आहेत.

माझा मालक रॉइस टिडवेल लोकांना सांगतो की मी अठराशे त्र्याहत्तर सालची आहे. खरं म्हणजे त्याच्या घरातला पाणी तापवायचा बंब माझ्याहून थोरला. माझा जन्म इटलीतल्या एका डोंगराळ खोऱ्यातल्या कारखान्यात झाला. जुन्या अमेरिकेच्या नकला तिथे पेट्याच्या पेट्या भरून तयार होतात. मला घासणारी कामगारीण घासताना सतत नवऱ्याला शिव्या घालत होती. तेवढंच इटालियन मला येतं.

रॉइसने मला घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी माझ्या निळसर नव्या झिलईला व्हिनेगर चोळलं. मी जुनी दिसावी म्हणून मला म्हातारी करून टाकलं. त्याच आठवड्यात त्याने स्वतःच्या मिशांना काळा रंग लावला.

मग बारसं झालं. मी मॅबल. माझ्या जोडीची दुसरी, त्याच्या डाव्या कमरेला लटकणारी, ती क्लारा. या लोकांना बंदुकांना बायकांची नावं द्यायची भारी हौस. घरातली बायको उलट उत्तर देते आणि आम्ही देत नाही, एवढंच कारण असावं. आज देतेय.

रॉइसने आयुष्यभर वातानुकूलन यंत्रं विकली. निवृत्त झाला आणि काउबॉय झाला. ड्राय फोर्कच्या पलीकडे खडीची एक बंद पडलेली खाण आहे, तिथे यांचा क्लब. प्लायवूडचं एक गाव उभं केलंय. प्लायवूडची बँक, प्लायवूडचा दारूगुत्ता, प्लायवूडचा तुरुंग. महिन्यातून एकदा तिथे साठी-सत्तरीचे गृहस्थ जाकिटं, गळपट्टे, खडखडणाऱ्या टाचा असा सरंजाम करून जमतात आणि रंगवलेल्या लोखंडी पत्र्यांवर गोळ्या झाडतात. पत्रा ‘टण्ण’ म्हणतो. त्यांना तेवढ्याने पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटतं. पत्रा उलटून गोळी झाडत नाही, हा त्या शौर्याचा पाया आहे.

डाव सुरू करण्याआधी प्रत्येकाला एक वाक्य ठणकावून म्हणावं लागतं. “माझ्या घोड्याला हात लावशील तर याद राख!” मग घड्याळवाला पीक् करतो आणि गोळीबार सुरू. असं ओरडणाऱ्यांपैकी एकानेही घोड्यावर बसून पाहिलेलं नाही. ते येतात गारेगार गाड्यांतून, पाठीला उशी लावून. यांच्या आयुष्यात आलेला एकमेव घोडा म्हणजे माझ्या पाठीवरचा.

तिथे कुणी खऱ्या नावाने वावरत नाही. प्रत्येकाने टोपणनाव घेतलंय, आणि एकाचं नाव दुसऱ्याला घेता येत नाही. रॉइस म्हणजे ‘जज सेजब्रश’. न्यायालयाची पायरी तो एकदाच चढला होता, गाडी वेगात हाकल्याबद्दल. क्लबचा प्रमुख ‘डीकन’, म्हणजे चर्चचा सेवेकरी, आणि हा चर्चमध्ये जात नाही. ‘सिल्व्हर किड’ हा सत्तरी ओलांडलेला दातांचा डॉक्टर, आणि किड म्हणजे पोरगा. या पोराला गुडघे वाकवून खाली बसवलं की उठवायला दोघे लागतात. वर्षानुवर्षं एका ताटलीतलं भाजलेलं मांस खातात, एकमेकांच्या ऑपरेशनांची चौकशी करतात, पण खरं नाव? ते विचारणं तिथे असभ्यपणाचं मानतात. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

या सगळ्यांचे कपडे शिवायची एकच बाई. व्हर्लीन.

तिने कधी बंदूक हातात धरली नाही. “तुम्ही खेळा, मी काजं करते,” म्हणायची. जाकिटं, लांब झगे, पट्ट्यांच्या पँटी, सगळं तिच्या हातचं. काजं ती यंत्रावर करत नसे. यंत्राचं काज लांबूनही ओळखू येतं, असं तिचं म्हणणं. सुईने, एकेक टाका घट्ट ओढून, ती काजाला अशी कड आणायची की माझ्या कारखान्यातल्या त्या शिवराळ बाईनेही मान डोलावली असती. एवढ्या नकली माणसांच्या अंगावर खरी गोष्ट म्हणून एवढीच होती.

आता रॉइसची मतं. ती ऐकल्याशिवाय त्याच्या घरात राहताच येत नाही.

बाजारात नवं यंत्र आलंय, गिऱ्हाइकाने स्वतःच सामान तपासायचं आणि स्वतःच पैसे भरायचे. त्यावर रॉइस म्हणायचा, “मी इथे नोकरीला आहे का? मग मला जेवणाची सुट्टी कुठाय?” गावात सिग्नलचा चौक जाऊन गोल वळसा आला. त्यावर, “माणसाला सरळ जाता येत नसेल, तर हा देश कशासाठी?” कॉफीवर फेस आलेला त्याला चालत नाही. डॉक्टर चाळिशीच्या आतला चालत नाही. पानं उडवायचं यंत्र घेऊन फिरणारा शेजारी तर अजिबात चालत नाही.

व्हर्लीन सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची, “रॉइस, तुला चालतं काय ते सांग. यादी छोटी आहे.”

पण त्याचं खरं आवडीचं मत बंदुकीवरचं. जावयाला, न्हाव्याला, पार्सल घेऊन आलेल्या माणसालासुद्धा उंबऱ्यात उभं करून तो ते ऐकवायचा. “बंदूक म्हणजे काय? हातोडी! हातोडी आपोआप भिंतीत खिळा ठोकते का? नाही ना? मग बंदूक आपोआप माणूस कसा मारेल? दोष हाताचा असतो, साहेब. हत्यारावर ढकलणारा माणूस भित्रा असतो.”

पार्सलवाला म्हणायचा, “सही कराल का?”

आणि खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटायचं. माझी बाजू घेणारा कुणीतरी आहे. बाकी जगाला मी एक तर भूत वाटते नाही तर देव. हा एकटा मला हातोडी म्हणतो. मला वाटलं, हा माणूस शब्दाचा पक्का.

आता नियम. तो समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

माझं नाव सहाबारी. पोटात सहा घरं. पण या खेळात भरायची पाचच. एक काडतूस भरायचं, एक घर सोडायचं, मग उरलेली चार भरायची, आणि घोडा त्या सोडलेल्या घरावर अलगद टेकवायचा. माझ्यासारख्या जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा भरल्या काडतुसावर टेकलेला असेल आणि ती दगडावर पडली, तर तेवढा धक्काही पुरतो. म्हणून घोड्याखालचं घर नेहमी रिकामं. यात शहाणपण आहे. ज्याने हे पहिल्यांदा ठरवलं, त्याच्या पायाला बहुधा भोक असावं.

डाव संपला की एक टेबल. रिकामं करायचं टेबल. तिथे नळी मातीच्या बांधाकडे धरायची, बाजूची झडप उघडायची, चक्र एकेक घर फिरवायचं आणि काडीने ढकलून एकेक पुंगळी बाहेर काढायची. टेबलाशी बसवलेल्या माणसाने सहाच्या सहा घरांतून उजेड पाहायचा आणि मोठ्याने म्हणायचं, “रिकामी!” तो शब्द त्यानेच म्हणायचा. मालकाने नाही, शेजाऱ्याने नाही. तो शब्द झाल्यावरच मला म्यानात घालायचं. एकदा रिकामी म्हटली की मी रिकामी. मग कुणी माझ्याकडे पुन्हा बघत नाही.

त्या दिवसापर्यंत मीसुद्धा हा शब्द फार मानायचे.

त्या रविवारी शेवटचा डाव होता. टेबलाशी डीकन बसला होता. रॉइसने छाती फुगवून घोड्याचं वाक्य ठोकलं, पीक् झालं, आणि तो माझ्यातून गोळ्या झाडत सुटला. ही गडबड्या माणसाची गडबड. त्याची काडतुसं तो स्वतः भरतो, आणि हाताला झटका बसू नये, नेम लवकर सावरावा म्हणून त्यांत दारू इतकी कमी घालतो की बार म्हणजे म्हाताऱ्याचा खोकला. कधी उडाली, कधी नाही, त्याच्या हाताला कळतच नाही. त्याने चार झाडल्या. त्याच क्षणी बाजूच्या डावात कुणीतरी बार काढला. बार मोजायला उभ्या असलेल्यांनी पाच ऐकले. रॉइसनेही पाच ऐकले. माझ्या पोटात एक उरली.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. टेबल त्यासाठीच असतं.

रॉइसने झडप उघडली. पहिली पुंगळी पडली, दुसरी पडली. तेवढ्यात सिल्व्हर किड टोपी उचलायला खाली वाकला, आणि डीकनची नजर तिकडे गेली.

“किड, थांब. ते काय चमकलं?”

“कुठे?”

“खाली. तुझ्या दुकानाच्या दारावर.”

किडने घाईने जाकीट खाली ओढलं. “काही नाही.”

“काही नाही काय? चेन आहे! किड, तुझ्या पँटला चेन आहे!”

“दुसरी धुवायला टाकलीय रे.”

“अठराशे ऐंशी साली चेन नव्हती!”

“अठराशे ऐंशी साली तुझा गुडघाही प्लास्टिकचा नव्हता, डीकन. मी काही बोललो?”

तिसरी पुंगळी पडली. रॉइसचं डोकंही आता तिकडे वळलं होतं. न्यायाधीश ना तो! “किड, नियम म्हणजे नियम. आज चेन चालवली तर उद्या तू चप्पल घालून येशील.”

“जज, तुझ्या छातीतलं यंत्र बॅटरीवर चालतं ते कुठल्या सालचं?”

“ते आतल्या बाजूला आहे. दिसत नाही.”

“माझी चेनही दिसत नव्हती. हा वाकून बघतोय म्हणून दिसली!”

चौथी पुंगळी पडली. सगळे हसले, डीकन टेबलामागून उठला आणि किडच्या पँटची तपासणी करायला गेला. डोळे बारीक करून, चष्मा वर सरकवून, अगदी जवळून. इतक्या जवळून त्या दिवशी कुणी माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आणि कुठूनतरी आवाज आला, “रिकामी!”

रॉइसने खाली न बघता झडप बंद केली.

टेबलावर चार पुंगळ्या पडल्या होत्या. कुणी मोजल्या नाहीत. पँट मात्र जप्त झाली. किड गाडीमागे गेला आणि कमरेला घोंगडी गुंडाळून परत आला, टाळ्या पडल्या, आणि डीकनने पँट रॉइसच्या हातात दिली. “व्हर्लीनला सांग, चेन काढून बटणं लाव. पुढच्या वेळी हा नागडा यायला नको.”

घरी आल्यावर रॉइसने पँट शिवणाच्या टेबलावर टाकली.

“किडची आहे. चेन काढून काजं कर.”

“आणि किड घरी कसा गेला?”

“घोंगडीत.”

“देव त्याच्या शेजाऱ्यांचं भलं करो,” व्हर्लीन म्हणाली आणि उसवायची कात्री शोधू लागली.

आता रॉइसची एक खोड सांगते, जी सगळ्या घराला माहीत होती आणि कुणालाच खोड वाटत नव्हती. डावाहून आला की तो आरामखुर्चीत पडायचा, मला हातात घ्यायचा आणि टीव्हीवर जो कुणी त्याला पटत नसेल त्याच्यावर मला रोखायचा. घोडा मागे, चाप, टिक्. हा त्याचा संध्याकाळचा विरंगुळा. याला तो सराव म्हणायचा. विमा विकणारी बाई, टिक्. राजकारणी, कुठल्याही पक्षाचा, टिक्. स्वयंपाक शिकवणारा पुरुष, टिक् टिक्. मी रिकामी असायचे. माणूस रिकामा आणि हत्यारही रिकामं, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

व्हर्लीन एकदा म्हणाली होती, “रॉइस, ते माझ्या खोलीच्या भिंतीकडे तोंड करून नको करत जाऊस.”

“अगं, रिकामी आहे.”

“माहीत आहे. पण माझी पाठ असते तिकडे.”

“पाठीला काय कळतं?”

त्या संध्याकाळी आधी विनाचालक गाडीची जाहिरात आली. टिक्. मग त्या गोल वळशाच्या चौकाची बातमी, नगरपालिकेचा माणूस हसत होता. टिक्. मग हवामानवाला आला आणि म्हणाला, उद्या ऊन पडेल.

“अ‍ॅरिझोनात ऊन पडेल!” रॉइस ओरडला. “हे सांगायला पगार घेतो!”

आणि त्याने घोडा ओढला.

म्हाताऱ्याचा खोकला बंद खोलीत खोकला राहत नाही. टीव्ही काळा झाला. भिंतीचा भुगा खाली पडला. पलीकडचं शिवणयंत्र थांबलं.

व्हर्लीन किंचाळली नाही. “रॉइस,” एवढंच म्हणाली. ती दारात आली तेव्हा तिने उजवा हात किडच्या पँटमध्ये गुंडाळला होता. चेन अर्धी उसवलेली, लोंबत होती.

रॉइसचा चेहरा पांढरा फटक पडला होता. तो रडत होता, आणि त्याचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या तोंडून पहिलं वाक्य जे निघालं, ते हे :

“मॅबल उडाली! आपोआप उडाली!”

त्याने मला गालिच्यावर फेकलं. मी तिथे पडून विचार करत राहिले की इतकी वर्षं त्या पार्सलवाल्याला उगाच उंबऱ्यात तिष्ठत ठेवलं.

शेरीफच्या कचेरीतून योलांडा आर्चुलेटा नावाची अधिकारी आली. तिशीची, केस घट्ट बांधलेली, वहीपेक्षा माणसाकडे जास्त बघणारी. रॉइस दवाखान्यातून परत आला तेव्हा तिने त्याला त्याच आरामखुर्चीत बसवलं आणि मला हातमोजे घालून उचललं.

“मि. टिडवेल, ही आपोआप उडाली म्हणता?”

“हो. जुनी घडण आहे. अठराशे त्र्याहत्तरची.”

तिने मला उलटं करून पाहिलं. “इथे ‘इटली’ लिहिलंय.”

“नमुना त्र्याहत्तरचा आहे.”

“बरं. हा घोडा आधी मागे ओढावा लागतो?”

“हो.”

“आपोआप ओढला जातो?”

रॉइसने काळ्या मिशीवरून बोट फिरवलं.

“चाप?”

“बाई, ती रिकामी होती! टेबलावर तपासली होती. तपासून ‘रिकामी’ म्हटल्याशिवाय आमच्याकडे कुणी बंदूक घरी नेत नाही. आमचा खेळ जगातला सगळ्यात सुरक्षित खेळ आहे.”

“कोणी तपासली?”

“डीकनने.”

“नाव काय त्यांचं?”

“डीकन.”

“खरं नाव, मि. टिडवेल.”

रॉइसला या माणसाच्या प्रोस्टेटचा आकार ठाऊक होता, नाव ठाऊक नव्हतं. “डीकन म्हणजे... डीकनच,” तो म्हणाला. “सगळे ओळखतात.”

योलांडाने मला कागदी पिशवीत घातलं. पिशवीचं तोंड बंद करण्याआधी मी त्याला म्हणताना ऐकलं, “आमच्या मॅबलला नीट ठेवा हं.” मी आमची झाले होते. गुन्हा मात्र माझा एकटीचा.

पुढच्या महिन्याच्या डावाला योलांडा मला घेऊन खाणीवर गेली, आणि व्हर्लीनही तिच्याबरोबर गेली. रॉइसने जाऊ नको म्हटलं होतं. गाडीतच व्हर्लीन योलांडाला सांगत होती. हात वाचला. पण आतली शीर तुटली, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांना टेकत नाहीत. कप धरता येईल, दाराची कडी उघडता येईल, असं डॉक्टर म्हणतो. सुई धरता येणार नाही.

“चाळिशीच्या आतलाच आहे डॉक्टर,” ती म्हणाली, “पण रॉइस या वेळी काही बोलला नाही.”

खाणीवर सगळे होते. प्लायवूडच्या बँकेसमोर घेवड्याचं कालवण शिजत होतं. व्हर्लीनला बघून टोप्या उतरल्या. तिच्याच हातच्या जाकिटांच्या छातीवर त्या टोप्या आल्या. डीकन पुढे झाला. “व्हर्लीन, पोरी, तुझ्यासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून एक कार्ड...”

“कार्ड नंतर,” ती म्हणाली. “मला टेबल दाखवा.”

ती रिकामं करायच्या टेबलाशी गेली. योलांडाने मला पिशवीसकट टेबलावर ठेवलं. मी तिथेच होते, जिथे त्या दिवशी होते. फक्त या वेळी सगळे माझ्याकडे बघत होते.

“डीकन, तू होतास ना इथे?” व्हर्लीनने विचारलं.

“होतो. पण मी मध्येच उठलो होतो. किडच्या त्या... भानगडीसाठी. ‘रिकामी’ ऐकलं म्हणूनच निश्चिंत राहिलो.”

“तू म्हणालास?”

“मी? नाही. मी ऐकलं. मला वाटलं जजने बघून म्हटलं.”

“रॉइस?”

रॉइस टाचेने खडी उकरत होता. “मला कसं म्हणता येईल? मालकाने म्हणायचंच नसतं. मी ऐकलं, म्हणून झडप लावली. मला वाटलं डीकन.”

“किड?”

“मी त्या वेळी पँट सावरत होतो व्हर्लीन,” किड म्हणाला. “पण ऐकलं बरोबर. स्वच्छ ऐकलं. कुणीतरी म्हणालं.”

“कुणीतरी म्हणजे कोण?”

कालवण रटरटत होतं.

डीकनने घसा साफ केला. “हे बघ, अपघात होतात. धातूचा भरवसा नसतो. बंदूक जुन्या घडणीची, गोळी सुटली—”

“गोळी सुटली नाही, डीकन,” व्हर्लीन म्हणाली. “माझी पकड सुटली. गोळी माझ्या नवऱ्याने झाडली, आणि ते त्याने मला अजून एकदाही म्हटलेलं नाही. हातोडी, हातोडी म्हणून माझे कान किटवले यानं. आता हातोडी दोषी कशी झाली, हे मी त्याला घरी विचारीन. तुम्हाला मी दुसरं विचारतेय. मी तुमची काजं करायची तेव्हा एकही काज बटण घालून बघितल्याशिवाय दिलं नाही. पँटची चेन तुम्हाला दहा पावलांवरून दिसते. माझ्या घरी येणाऱ्या वस्तूला ‘रिकामी’ म्हटलं, ते कुणी?”

तिने खांद्यावरच्या पिशवीतून किडची पँट काढली आणि टेबलावर ठेवली. धुतलेली. डाग नीट गेला नव्हता. चेन अर्धी आत, अर्धी बाहेर.

किडने पँट उचलली, घडी घातली, पुन्हा उलगडली. त्याला ती कुठे ठेवावी ते कळेना.

“मिसेस टिडवेल,” योलांडा हळूच म्हणाली, “चला.”

“चला. पण पोरी, त्यांची खरी नावं लिहून घे. तेवढं तरी होऊ दे.”

नावं लिहून घेताना आणखी अर्धा तास गेला. डीकनने आपलं नाव सांगितलं तेव्हा दोघांना हसू आलं, कारण ते अगदीच साधं निघालं. मग त्यांनी हसू आवरलं.

त्यानंतरचं मला जे कळलं ते कचेरीतल्या बोलण्यावरून. प्रकरण अपघात म्हणून मिटलं. क्लबची सभा झाली, एकमताने नवा नियम झाला : पँटची तपासणी यापुढे फाटकावरच होईल, म्हणजे टेबलावरच्या माणसाचं लक्ष विचलित होणार नाही. रॉइसने नवा टीव्ही घेतला, आधीच्यापेक्षा मोठा. व्हर्लीनने शिवणयंत्र खोलीच्या दुसऱ्या भिंतीला हलवून घेतलं. ते ती आता चालवत नाही, तरीही हलवून घेतलं. क्लारा अजून त्या घरात आहे. आरामखुर्चीजवळच्या खणात, असं योलांडा एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होती, आणि तिचा आवाज चांगला नव्हता.

मी आता शेरीफच्या कोठारात एका फळीवर आहे. एका बाजूला चोरीची सायकल, दुसऱ्या बाजूला कुणीतरी बायकोच्या अंगावर फेकलेली इस्त्री. आमच्या तिघींच्या चिठ्ठ्यांवर जवळजवळ एकच मजकूर आहे. इस्त्रीच्या चिठ्ठीवर ‘पडली’ लिहिलंय. सायकल ‘गेली होती’. मी ‘सुटली’. या फळीवर कुणी काही केलेलं नाही, सगळं आपोआप झालेलं आहे.

मला परत न्यायला रॉइस येईल की नाही, माहीत नाही. आला तर त्याने मला कुठेही ठेवावं, भट्टीत घालून वितळवलं तरी चालेल. मात्र मला घेताना त्याने एक साधं वाक्य म्हणावं, ज्यात कर्ता आहे. ‘मी गोळी झाडली.’ तीन शब्द आहेत. घोड्याचं वाक्य तो याहून जोरात म्हणत आलाय.

आणि तुम्ही वर्तमानपत्रवाले, पुढच्या वेळी ‘सुटली’ लिहिण्याआधी कुणाच्या हातून, एवढं विचारा. उत्तर लांब नसतं. खुर्चीत बसलेलं असतं.

राहिली त्या टेबलावरची गोष्ट. त्या दुपारी टेबलाजवळ तिघे होते. ‘रिकामी’ हा शब्द तिघांनी ऐकला. मीही ऐकला. त्या वेळी माझं तोंड मातीच्या बांधाकडे होतं, पोटात एक भरलेलं घर होतं, आणि चक्राकडे एकाचीही नजर नव्हती. तो शब्द कुणी उच्चारला, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.